अंगावर पाजणं आणि बदललेली छाती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्तनपान सल्लागार म्हणून काम करताना हे प्रश्न मला टेबलासमोर क्वचितच ऐकू येतात. बाळाचं वजन होतं, पाजायची पद्धत दाखवून होते, सासूबाई बाळाला घेऊन बाहेर जातात, आणि चप्पल पायात सरकवता सरकवता बाई दाराशी थांबते. "मॅडम, एक विचारू?" दाराशी विचारलेले ते 'एक एक' प्रश्न इथे लिहून काढले आहेत.

पाळी चुकायच्या आधीच छाती दुखायला लागली. दिवस गेले असतील का?

असतील किंवा नसतीलही. पाळी यायच्या आधीही छाती अशीच दुखते, त्यामुळे नुसत्या दुखण्यावरून अंदाज बांधू नका. पाळी चुकली की लघवीची तपासणी करा. दिवस गेलेले असतील तर हा दुखरेपणा बहुतेकींना पहिल्या तीन महिन्यांत जास्त जाणवतो आणि मग ओसरतो.

नऊ महिन्यांत आत नक्की काय होतं?

बरंच काही. गरोदर नसताना एका स्तनाचं वजन साधारण २०० ग्रॅम असतं. दिवस भरत येतात तेव्हा ते ४०० ते ६०० ग्रॅमपर्यंत जातं आणि अंगावर पाजत असताना ६०० ते ८०० पर्यंत. हे नुसतं सुजणं नव्हे, आत चक्क बांधकाम चालू असतं. इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे दुधाच्या नळ्यांना नव्या फांद्या फुटतात आणि प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनमुळे त्या फांद्यांच्या टोकाला दूध तयार करणाऱ्या पेशींचे घोस धरतात. एरवी स्तनात चरबी बरीच असते, ती या नव्या घोसांना जागा करून देत मागे हटते. रक्ताचा पुरवठा वाढतो, म्हणून गोऱ्या अंगावर निळ्या शिरांचं जाळं दिसायला लागतं.

निपल आणि त्याभोवतीचं वर्तुळ गडद होतं, मोठंही होतं. त्या वर्तुळावर बारीक पुटकुळ्या उठतात. पुष्कळ जणी त्यांना पुरळ समजून दाबतात किंवा साबणाने घासतात. तसं करू नका. त्या तेलग्रंथी आहेत. त्यातून पाझरणारा स्निग्ध पदार्थ कातडी मऊ ठेवतो आणि त्याच्या वासाने बाळाला दिशा कळते. दिवसातून एकदा साधं पाणी पुरतं.

हा सगळा वाढीव भार वरची कातडी आणि आतले तंतू पेलत असतात. या तंतूंना 'कूपरचे बंध' म्हणतात. ॲस्टली कूपर या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८४० साली स्तनाच्या रचनेवर ग्रंथ लिहिला, त्याचं नाव त्यांना मिळालं. तंतू आणि कातडी दोन्ही ताणली जातात, आणि एकदा ताणली की पूर्ववत आखडत नाहीत. हे लक्षात असू द्या, पुढच्या अर्ध्या प्रश्नांचं उत्तर यातच आहे.

सातव्या महिन्यात ब्लाउजवर पिवळट डाग दिसला. काही बिघडलंय का?

नाही. तो चीक आहे. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापासून तो तयार व्हायला लागतो. काहींचा झिरपतो, काहींचा बाळंतपणापर्यंत थेंबही दिसत नाही, आणि त्यावरून पुढे दूध किती येईल हे मुळीच ठरत नाही. डाग लालसर असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

गाईच्या चिकाचा खरवस घरोघरी वाटून खायचा आणि बाळंतिणीचा चीक 'जड' म्हणून पिळून टाकून द्यायचा, हा उलटा न्याय अजूनही कानावर येतो. बाळासाठी तोच पहिला घास असतो. पहिल्या तासात पाजायला घ्यायचं ते त्यासाठीच.

माझी छाती लहान आहे. दूध पुरेल ना?

पुरेल. आकार ठरतो तो चरबीवर, आणि दूध चरबीत तयार होत नाही. गरोदरपणात छातीत काहीच फरक पडला नसेल, तर तेवढं आधी सांगून ठेवा. तिथे बाळाच्या वजनावर जास्त बारीक लक्ष ठेवावं लागतं.

तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली, बाळाला तोंडात धरताच येईना. काय करू?

वार बाहेर पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि दोन ते चार दिवसांत दूध खऱ्या अर्थाने उतरतं. सिझेरियन झालं असेल तर कधी कधी एखादा दिवस उशीर होतो. दुधाबरोबर रक्त आणि पाणीही साचतं, म्हणून छाती दाटते. वारंवार पाजा. बाळाच्या तोंडात मावत नसेल तर पाजण्याआधी हाताने थोडंसंच दूध काढा, निपलभोवतीचा भाग मऊ होईपर्यंत. दोन पाजण्यांच्या मध्ये गार पट्टी ठेवा. फ्रिजमधलं कोबीचं पान ब्राच्या आत ठेवलं तरी चालतं. त्याच्या गारव्याने बरं वाटतं, बाकी जादू त्यात नाही.

मालीशवाल्या बाई म्हणतात, गाठ दाबून फोडायला हवी. खरं का?

नाही, आणि इथे मी जरा ठामपणे बोलणार आहे. एका बाळंतिणीच्या छातीवर मी चार बोटांचे निळे वळ पाहिले आहेत. शेजारी अंगठ्याचा पाचवा. गाठ तशीच होती, वर ताप चढला होता.

गाठ म्हणजे नळीत अडकलेला खडा नव्हे. आजूबाजूची सूज नळीला दाबत असते. जोरात रगडलं की सूज आणखी वाढते. तापलेल्या कापडाने शेकणं आणि पंपाने स्तन पार रिकामा करणं यानेही तेच होतं. २०२२ पासून तज्ज्ञांच्या मार्गदर्शनातही भर आहे तो गार शेक, सूज उतरवणारं औषध आणि नेहमीइतकंच पाजणं यावर. हात लावायचाच तर मांजराच्या पाठीवरून फिरवतो तितका हलका, निपलकडून काखेकडे.

छातीवर लाल तांबडा पट्टा, थंडी वाजून ताप, अंग मोडून येणं, हे सगळं एका दिवसात कमी झालं नाही तर डॉक्टरकडे जा. पाजताना चालणारी प्रतिजैविकं आहेत आणि दूधही बंद करावं लागत नाही. थांबून राहिलात तर गळू होतं, मग सुईने पू काढावा लागतो. मालीशवाल्या बाईंना पाठ, कंबर, पाय खुशाल रगडू द्या. त्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

पाजल्यामुळे छाती उतरते ना? खरं सांगा.

खरं सांगते : छाती उतरते, पण पाजल्यामुळे नाही. गरोदरपणामुळे.

वर सांगितलेलं ते सगळं ताणणं बाळ जन्मायच्या आधीच होऊन गेलेलं असतं. ज्यांनी एकदाही अंगावर पाजलं नाही, पहिल्या दिवसापासून वरचं दूध दिलं, त्यांचीही छाती उतरते. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या प्लास्टिक सर्जननी २००८ साली ९३ बायकांची पाहणी प्रसिद्ध केली. छातीच्या ऑपरेशनसाठी आलेल्या या बायका. कोणाची छाती जास्त ओघळली आणि का, हे त्यांनी पडताळून पाहिलं. वय, वजन, गरोदरपणं किती झाली, आधीपासून छाती मोठी होती का आणि सिगारेट ओढण्याची सवय, या गोष्टींचा संबंध दिसला. पाजलं की नाही आणि किती महिने पाजलं, याचा दिसला नाही. पाहणी लहान आहे, पण शरीररचना जे सांगते त्याच्याशी जुळणारी आहे.

हे इतकं लांबवून सांगते, कारण तिसऱ्या महिन्यातच 'फिगर' वाचवायला दूध तोडलेल्या मुली माझ्याकडे येतात. जे वाचवायला गेल्या ते आधीच बदललेलं असतं, आणि हातातलं दूध जातं ते वेगळंच. दुसऱ्या कारणाने पाजणं थांबवायचं असेल तर जरूर थांबवा, तो तुमचा निर्णय आहे. या कारणाने नको.

एक बाजू मोठी, एक लहान झाली आहे.

बाळाची एक आवडती बाजू असते, आपलाही एक सोयीचा हात असतो. ज्या बाजूने जास्त ओढलं जातं तिथे जास्त दूध बनतं. लहान बाजूने आधी पाजायला सुरुवात करा, फरक थोडा कमी होतो. दूध सुटल्यावर बहुतेकींचा बराचसा भरून निघतो. मुळात दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या कोणाच्याच नसतात.

नोकरीवर परत गेले आणि मीटिंगमध्ये ब्लाउज भिजला.

कुठल्याही बाळाचं रडणं ऐकलं, नुसता फोनवर फोटो पाहिला, तरी पान्हा फुटतो. तो ऑक्सिटोसिन या हार्मोनचा खेळ आहे, आपल्या हातात नाही. दोन्ही हातांची घडी घालून निपलवर तळव्याने घट्ट दाब दिला की धार थांबते, आणि समोरच्याला काही कळतही नाही. सुती पॅड ठेवा, ओले झाले की बदला. छापील नक्षीचा कपडा घाला, डाग लपतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, आणि कामावर परतल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्याही. या सुट्ट्यांबद्दल कोणी आपणहून सांगत नाही, विचाराव्या लागतात. प्रवासात एसटी स्थानकावर हिरकणी कक्ष शोधा. तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या बाईचं नाव त्याला दिलंय, हे मला फार आवडतं.

बाळ गेलं. तरी दूध आलं. हे कसं थांबवू?

हा प्रश्न दाराशीही कोणी विचारत नाही, नंतर फोनवर विचारतात. पाचव्या महिन्याच्या आसपास किंवा पुढे गर्भ गेला तरी दूध येऊ शकतं, कारण शरीराला वार सुटल्याचं तेवढं कळतं. घट्ट पट्टा बांधू नका. आधार देणारी ब्रा, गार पट्ट्या, वेदनाशामक गोळी, आणि अगदी असह्य झालं तर ताण उतरेल इतकंच दूध काढायचं. दूध आटवणारी गोळीही असते, पण ती रक्तदाब आणि इतर गोष्टी पाहून डॉक्टरांनीच द्यायची.

काही जणींना हे दूध दुसऱ्या बाळांना द्यावंसं वाटतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदूध पेढी सुरू झाली, आता इतर ठिकाणीही आहेत. द्यावंसं वाटलं नाही तर त्यातही काही चूक नाही.

दूध तोडायचं कसं? कडुनिंब लावू का?

कडुनिंब, कोरफडीचा गर, कारल्याचा रस, सगळं ऐकलंय. मोठं मूल तोंड वाकडं करतं, तासाभराने पुन्हा येतं. त्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एक वेळ कमी करत जा. दुपारची आधी, रात्रीची शेवटी. एकदम बंद केलं की छाती दाटते, ताप येतो आणि मनही खट्टू होतं. हार्मोन्स एकाएकी उतरल्यावर काही जणींना चार दिवस उगाच रडू येतं.

छातीवर मोगऱ्याची फुलं बांधायचा आजीचा उपाय मात्र हसण्यावारी नेऊ नका. वेल्लोरला त्याचा अभ्यास झाला आणि १९८८ साली तो प्रसिद्ध झाला : फुलांनी प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं हार्मोन, उतरलं. दूध आटवणाऱ्या गोळीइतकं नाही, पण उतरलं.

शेवटचं पाजल्यावर काही महिने दाबलं की थेंब येतात. म्हणून दाबून पाहू नका. आपोआप येत राहिलं, एकाच बाजूने आलं किंवा रक्ताळ दिसलं तर तपासून घ्या.

दूध सुटल्यावर छाती रिकाम्या पिशवीसारखी झाली. अशीच राहणार का?

इतकी रिकामी नाही राहणार. दूध बंद झालं की त्या पेशींचे घोस ठरवून मोडले जातात आणि मागे हटलेली चरबी हळूहळू जागेवर परत येते. मोडणं आठवड्यांत होतं, चरबी यायला महिने लागतात. त्या मधल्या काळात आरशात जे दिसतं ते सगळ्यात वाईट असतं आणि नेमक्या तेव्हाच बायका क्रीम मागवतात. सहा महिने थांबा. आधीसारखी होईल असं मी म्हणणार नाही. काहींची आधीपेक्षा लहान राहते, काहींची मोठी, आणि थोडी खाली बहुतेकींची येते. निपलचा गडद रंग फिका होतो, पण पुरता जात नाही. स्ट्रेच मार्क्स लाल-जांभळ्याचे रुपेरी होतात.

तेल, क्रीम, व्यायाम?

तेलाने कातडी मऊ राहते, खाज कमी होते. छाती वर येत नाही. 'टाइटनिंग' क्रीमचंही तेच, फक्त महाग. स्तनात स्नायूच नसतो, त्यामुळे स्तनाला व्यायाम देता येत नाही. दंडबैठकांमधला दंड किंवा भिंतीला हात टेकून काढलेले दंड स्तनामागचा स्नायू भरतात आणि पाठ ताठ होते. सहा महिने वाकून पाजल्यावर खांदे पुढे आलेले असतात. ते मागे गेले की छाती आपोआप उंच दिसते. फरक थोडा असला तरी तो फुकट मिळतो. वजन एकदम उतरवू नका. भराभर वाढलेल्या आणि उतरलेल्या वजनाने कातडी आणखी सैल पडते.

ब्रा कुठल्या मापाची घेऊ? रात्री घालायची का?

आधार पट्ट्यातून मिळतो, खांद्यावरच्या दोऱ्यांतून नाही. खांद्यावर वळ पडत असतील तर मागचा पट्टा सैल आहे. पट्टा सगळ्यात बाहेरच्या हुकावर घट्ट बसायला हवा, म्हणजे कापड सैलावल्यावर आतले हुक उरतात. पाजण्यासाठीची ब्रा आठव्या महिन्यात घ्या आणि कपात थोडी जागा ठेवा. रात्रीची मर्जी तुमची. न घातल्याने छाती उतरते याला भक्कम पुरावा नाही.

ऑपरेशनचा विचार करतेय. कोणती ऑपरेशनं असतात?

मी सर्जन नाही, पण ऑपरेशन करून आलेल्या आणि न करता परतलेल्या अशा दोन्ही बायकांशी बोलले आहे. आधी एक गोंधळ दूर करू. 'उतरली' आणि 'रिकामी झाली' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची ऑपरेशनंही वेगळी आहेत.

उतरली असेल तर ब्रेस्ट लिफ्ट. जादा कातडी काढतात, निपल त्याच्या खालच्या ऊतींसकट वर सरकवतात. यात भर काहीच पडत नाही. व्रण राहतात : वर्तुळाभोवती, तिथून सरळ खाली, आणि जास्त ओघळली असेल तर खालच्या घडीतही. जहाजाच्या नांगराच्या आकाराचा हा व्रण वर्षभराने फिकट होतो, पुसला जात नाही. सावळ्या कातडीवर तो कधी जाड आणि काळपट राहतो. अंगावर आधी कुठे व्रण उंच वाढला असेल तर सर्जनना सांगा.

रिकामी झाली असेल तर इम्प्लांट (आत बसवायची कृत्रिम पिशवी) किंवा स्वतःच्याच पोटा-मांडीची चरबी. भरलेल्या चरबीतली काही शरीर शोषून घेतं. इम्प्लांट एकट्याने उतरलेली छाती वर नेत नाही, म्हणून काहींना दोन्ही एकत्र करावं लागतं. इम्प्लांट आयुष्यभराचं नसतं. भोवतीचं आवरण कडक होऊ शकतं, इम्प्लांट फाटू शकतं, आणि एखादं पुनरऑपरेशन धरूनच चालायचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा सल्ला असा आहे की सिलिकॉनच्या इम्प्लांटची पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी, मग दर दोन-तीन वर्षांनी. काही खडबडीत पृष्ठभागाची इम्प्लांटं लिम्फोमा प्रकारच्या एका दुर्मीळ कॅन्सरमुळे २०१९ मध्ये बाजारातून परत घेतली गेली. तेव्हा कोणत्या प्रकारचं बसवणार हे विचारा आणि त्याचं कार्ड जपून ठेवा.

तिसरी गत उलटी : छाती इतकी जड की मान धरते, खांद्यांत खोबणी पडते, घडीखाली उन्हाळाभर चट्टे. त्यांच्यासाठी छाती लहान करण्याचं ऑपरेशन. समाधानी चेहरे मी इथे सगळ्यात जास्त पाहिले आहेत.

कधी करावं?

शेवटचं पाजून किमान तीन, शक्यतो सहा महिने झाल्यावर, वजन स्थिर असताना आणि आणखी मूल नको असेल तेव्हा. पुन्हा दिवस गेले तर केलेलं काम पुन्हा ताणलं जातं. आणि मिश्री लावत असाल तर ती आधी सोडा. 'मी कुठे सिगारेट ओढते?' असं म्हणून बायका मिश्रीबद्दल गप्प बसतात. निकोटिन निकोटिनच. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि निपलच्या कडेची जखम काळी पडू शकते.

त्यानंतर बाळ झालं तर पाजता येईल?

इम्प्लांटनंतर बहुतेकींना येतं. लिफ्टनंतर काहींना पूर्ण, काहींना थोडं. लहान करण्याच्या ऑपरेशनमध्ये ग्रंथीच कापल्या जातात, म्हणून तिथे भरवसा सगळ्यात कमी. निपलची संवेदनाही काहींची कायमची कमी होते.

खर्च, विमा, डॉक्टर?

सौंदर्यासाठी केलेल्या ऑपरेशनला आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही. छाती लहान करण्याचं ऑपरेशन वैद्यकीय गरज म्हणून लिहून मिळालं तर विचारून पाहा. डॉक्टरांच्या पाटीवर 'कॉस्मेटिक' हा शब्द पुरेसा नाही. प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहे का ते बघा. मुंबईत के.ई.एम., सायन, नायर, जे.जे. या सार्वजनिक रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. आणि फोटो मागताना एक वर्षानंतरचे मागा, महिन्याचे नकोत.

पाजलं की कॅन्सर होत नाही ना?

धोका कमी होतो, संपत नाही. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची एकत्रित मांडणी २००२ मध्ये झाली. एकूण १२ महिने पाजण्यामागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी दिसला. पण 'मी तर पाजतेय, ही दुधाचीच गाठ' म्हणून दोन-दोन महिने गाठ अंगावर काढू नका. दोन आठवड्यांत न विरलेली गाठ दाखवायचीच. पाजताना सोनोग्राफी चालते, गरज पडली तर मॅमोग्राफीही. जाण्याआधी बाळाला पाजून जा, म्हणजे चित्र स्वच्छ येतं.

लग्नातले ब्लाउज आता होत नाहीत. उसवून घेऊ का?

दूध सुटून सहा महिने होईपर्यंत थांबा, नाहीतर दोनदा शिलाई द्याल. चांगल्या शिंप्याने बाजूच्या शिवणीत इंच-दीड इंच माया सोडलेली असते, ती उसवली की बहुतेक ब्लाउज होतात. कटोरीचे होत नाहीत, कारण कटोरीत माया नसते. ते बहिणीला देऊन टाका. आणि नवा शिवायला टाकाल तेव्हा छातीचं माप ब्रा घालून द्या.